विषाणूला निजवून ठेवण्याचे औषध : प्रस्तावना

एचआयव्हीवर आज जी औषधे मिळतात ती सगळी विषाणूला कुठे ना कुठे अडवतात. काही त्याला पेशीत शिरू देत नाहीत. काही त्याच्या आरएनएपासून डीएनए तयार होऊ देत नाहीत, काही तो डीएनए आपल्या गुणसूत्रात जोडला जाऊ देत नाहीत, तर काही नव्याने बनलेल्या विषाणूला पुरता तयार होऊ देत नाहीत. हा बंदोबस्त इतका चोख आहे की नियमित गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या रक्तात नेहमीच्या तपासणीला विषाणू सापडत नाही, आणि त्याच्याकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागणही होत नाही. तरी एक पायरी मोकळी राहिली आहे. विषाणूचा डीएनए एकदा गुणसूत्रात जाऊन बसला, की त्यावरून पुन्हा आरएनए लिहिला जाण्याची क्रिया थांबवणारे एकही मान्यताप्राप्त औषध आज नाही. हे पुस्तक त्या मोकळ्या पायरीबद्दल आहे.

गोळ्या बंद केल्या तर बहुतेकांच्या रक्तात दोन-तीन आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो. तो इतके दिवस कुठे होता, याचे उत्तर १९९७ साली अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी दिले. सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशींपैकी काही पेशी एखाद्या संसर्गाशी लढून झाल्यावर विश्रांतीला जातात आणि त्या संसर्गाची आठवण म्हणून वर्षानुवर्षे शरीरात राहतात. गोवराची लागण एकदा झाली की बहुधा पुन्हा होत नाही, त्यात अशा स्मृतिपेशींचा वाटा असतो. लढाईच्या धामधुमीत एचआयव्हीने गाठलेली एखादी पेशी मरायच्या आत विश्रांतीला गेली, तर तिच्या गुणसूत्रातला विषाणूही तिच्याबरोबर निजतो. त्या पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूचे एकही प्रथिन नसते, त्यामुळे प्रतिकारशक्तीला ती ओळखू येत नाही. औषधांना अडवायला तिथे काही चालूच नसते, म्हणून त्यांचाही उपयोग होत नाही. विश्रांतीतल्या साधारण दहा लाख सीडी४ पेशींत अशी एखादी पेशी सापडते, जी जागी केली तर धडधाकट विषाणू बाहेर सोडते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटाने हा साठा किती वेगाने आटतो ते मोजले. निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात असे निघाले. या वेगाने तो पूर्ण संपायला ७३ वर्षांहून अधिक काळ लागेल, म्हणजे गोळ्या जन्मभर.

साठा नुसता पडूनही राहत नाही. निजलेली पेशी अधूनमधून विभागते आणि तिच्या दोन पेशींत विषाणूच्या डीएनएची जशीच्या तशी प्रत जाते. शेतात हरळी असते तशातला हा प्रकार आहे : वरचे पाते कितीही खुडले तरी जमिनीतली मुळी जिवंत असते, आणि एकीच्या दहा होतात. त्यातल्या त्यात दिलासा असा, की गुणसूत्रांत बसलेल्या या प्रतींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रती मोडक्या असतात आणि त्यांच्यापासून नवा विषाणू तयार होऊ शकत नाही. प्रश्न उरलेल्या थोड्यांचा आहे. त्या वेगळ्या ओळखण्याची खूण पेशीच्या बाहेरून दिसत नाही.

एचआयव्ही बरा झाल्याच्या बातम्या वाचकांनी वाचल्या असतील. टिमोथी रे ब्राऊन या अमेरिकन गृहस्थांवर बर्लिनमध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी उपचार झाले. अस्थिमज्जा देणाऱ्या दात्याच्या पेशींत सीसीआर५ हे विषाणूचे प्रवेशद्वारच जन्मजात नव्हते. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणानंतर विषाणू परतला नाही. २०२० साली ब्राऊन गेले ते कर्करोग उलटल्यामुळे, एचआयव्हीमुळे नव्हे. त्यानंतर लंडनमध्ये आणि इतरत्र असे आणखी काही जण झाले. पण हा उपचार जीवावर बेतणारा असतो. ज्याला मुळात कर्करोग आहे त्याच्यावरच तो करण्याला अर्थ आहे. दुसरी बातमी मिसिसिपीतल्या बाळाची. जन्मानंतर सुमारे ३० तासांत औषधे सुरू झाली, पुढे ती थांबली, तरी २७ महिने विषाणू दिसला नाही. सगळे जग हरखले होते. जुलै २०१४ मध्ये विषाणू परत आल्याचे जाहीर झाले. २७ महिने एखाद्या पेशीत तो निजून होता आणि तेवढ्या काळात कोणत्याही तपासणीला तो सापडला नाही. या विषयातली खरी अडचण किती खोल आहे हे मला त्या एका घटनेइतके दुसऱ्या कशाने पटले नाही.

मग साठ्याचे करायचे काय? दहा-पंधरा वर्षे संशोधकांचा भर एकाच विचारावर होता : निजलेल्या विषाणूला औषधाने जागे करायचे, म्हणजे पेशी ओळखू येईल, आणि मग ती मारायची. इंग्रजीतले ‘शॉक अँड किल’ हे नाव सगळीकडे रुळले. २०१२ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या डेव्हिड मार्गोलिस यांच्या गटाने व्होरिनोस्टॅट हे कर्करोगावरचे औषध आठ जणांना एकदाच दिले आणि त्यांच्या विश्रांतीतल्या पेशींत विषाणूचा आरएनए सरासरी ४.८ पट वाढल्याचे दाखवले. विषाणूला जागे करता येते हे सिद्ध झाले. मारणे मात्र साधले नाही. ब्रिटनमधल्या ‘रिव्हर’ चाचणीत ६० जणांपैकी निम्म्यांना एआरटीसोबत (म्हणजे एचआयव्हीच्या नेहमीच्या औषधांसोबत) व्होरिनोस्टॅट आणि प्रतिकारशक्ती तापवणारी लस दिली, निम्म्यांना नुसती एआरटी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निकालात दोन्ही गटांच्या साठ्यांत फरक दिसला नाही. या मार्गाचे काम थांबलेले नाही, थांबूही नये. पण त्यात एक धोका मुळातच आहे. विषाणूला मुद्दाम जागे करणारे औषध शेकडो इतर जनुकांनाही हलवते, आणि जागी झालेली प्रत्येक पेशी मेलीच पाहिजे, ही अट पुरी करणे फार अवघड आहे.

या पुस्तकाचा विषय असलेला मार्ग नेमका उलट आहे. विषाणू निजलेलाच आहे, तर त्याला इतका गाढ निजवायचा की पुढे औषध थांबले तरी तो उठू नये. याला ‘ब्लॉक अँड लॉक’ म्हणतात. आधी अडवायचे, मग कुलूप लावायचे. विषाणू शरीरातून जात नाही, याने अनेकांची निराशा होते. माझे मत स्पष्ट आहे : ज्याला रोज गोळी घ्यावी लागत नाही, ज्याच्या रक्तात विषाणू येत नाही आणि ज्याच्याकडून कोणाला लागण होत नाही, तो माणूस बरा झाला असेच म्हणायला हवे. त्याच्या काही लाख पेशींच्या गुणसूत्रांत मुका डीएनए पडून असला तरी.

कुलूप कसे लागते हे समजायचे तर विषाणूच्या एका छोट्या प्रथिनाशी ओळख करून घ्यावी लागेल. त्याचे नाव टॅट. लांबी जेमतेम शंभर अमिनो आम्ले. आपली पेशी कोणत्याही जनुकावरून आरएनए लिहिते तेव्हा ते काम आरएनए पॉलिमरेज नावाचे एन्झाइम करते. एचआयव्हीच्या डीएनएवर हे एन्झाइम येते, लिहायला लागते आणि थोडेसे लिहून अडते. अडते त्या जागी आरएनएचा छोटासा तुकडा बाहेर आलेला असतो. तो स्वतःभोवती दुमडून एक गाठ तयार करतो. तिला टार म्हणतात. बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते. पण शंभरात एखादे वेळी एन्झाइम रडतखडत पुढे सरकते, पूर्ण आरएनए लिहिला जातो आणि त्यापासून थोडे टॅट बनते. हे टॅट पेशीतले पी-टीईएफबी नावाचे प्रथिनांचे जोडपे बरोबर घेऊन टारच्या गाठीवर येऊन बसते. त्या जोडप्यातले सीडीके९ हे एन्झाइम अडलेल्या पॉलिमरेजवर फॉस्फेट चढवते, आणि पॉलिमरेज सुसाट सुटते. आता एकामागून एक पूर्ण आरएनए निघतात, त्यांतून आणखी टॅट, त्या टॅटमुळे आणखी आरएनए. विषाणूला जागे होण्यासाठी लागणारा सगळा जोर या एका चक्रातून येतो.

हे चक्र तोडले तर? पॉलिमरेज पुन्हा सुरुवातीलाच अडू लागते. डीएनएचा जो भाग बराच काळ वाचला जात नाही तो पेशी हळूहळू आवळून ठेवते. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरच्या खुणा बदलतात, गुंडाळी घट्ट होते, आणि तो भाग उघडणे दिवसेंदिवस कठीण होत जाते. टॅटला अडवणे हे झाले औषधाचे काम. कुलूप आपली पेशीच लावते. या कल्पनेतली मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारी गोष्ट हीच आहे. औषधाला काही नवे घडवायचे नाही, पेशीला रोज करायची सवय असलेल्या कामाला वाट करून द्यायची आहे.

टॅटला अडवणारे पहिले दमदार संयुग आले समुद्रातून. २००६ साली ओसाका विद्यापीठातल्या मोतोमासा कोबायाशी यांच्या गटाने इंडोनेशियाच्या समुद्रातल्या कॉर्टिशियम सिम्प्लेक्स या स्पंजातून कॉर्टिस्टॅटिन ए वेगळे केले. त्यांचे लक्ष रक्तवाहिन्यांच्या वाढीवर होते, एचआयव्हीवर नव्हते. स्पंजातून मिळणारे प्रमाण इतके अल्प, की पुढचे प्रयोग करायचे तर रेणू प्रयोगशाळेत बांधणे भाग होते. ते काम २००८ साली कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत फिल बारन यांनी केले. सुरुवातीचा कच्चा माल होता प्रेडनिसोन, दम्यापासून सांधेदुखीपर्यंत डॉक्टर सर्रास लिहून देतात तेच स्टेरॉइड. त्याच संशोधनातून डायडिहायड्रो-कॉर्टिस्टॅटिन ए हे थोडे सोपे भावंड मिळाले. त्याला संशोधक ‘डीसीए’ म्हणतात. स्क्रिप्सच्या फ्लोरिडा शाखेत सुझाना व्हॅलेन्टे यांनी ते एचआयव्हीवर लावून पाहिले आणि २०१२ साली त्यांच्या गटाने दाखवले की डीसीए टॅटच्या टारला धरणाऱ्या भागालाच जाऊन चिकटते. अगदी नगण्य मात्रा पुरते.

पुढचे प्रयोग क्रमाने झाले. आधी पेशी, मग एआरटीवर असलेल्या माणसांच्या रक्तातून काढलेल्या सीडी४ पेशी, मग मानवी प्रतिकारशक्ती बसवलेले उंदीर. पेशींना काही काळ डीसीए दिले, मग ते काढून घेतले, वर पेशींना जागवणारी रसायने टाकली, तरी विषाणू फारसा उठला नाही. विषाणूच्या डीएनएच्या सुरुवातीच्या भागावरची गुंडाळी खरोखरच घट्ट झाल्याचेही दिसले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात एआरटीबरोबर महिनाभर डीसीए देऊन सगळी औषधे थांबवली. नुसत्या एआरटीवरच्या उंदरांत आठवड्याभरात परतणारा विषाणू काही उंदरांत १९ दिवसांपर्यंत लांबला. आकडा लहान वाटेल. पण तो औषध थांबल्यानंतरचा आहे, आणि आजवरच्या कोणत्याही एआरटी औषधाला ही गोष्ट जमलेली नव्हती.

डीसीए एकटेच रिंगणात नाही. बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठात झेगर डेबिझर यांचा गट ‘लेजिन’ वर्गातल्या औषधांवर काम करतो. विषाणू गुणसूत्रात कुठे बसावा हे ठरवायला तो आपल्याच पेशीतल्या एका प्रथिनाची मदत घेतो. लेजिन ती मदत तोडतात, आणि मग विषाणू वर्दळीच्या जनुकांपासून दूर, निपचित जागी बसतो. स्पायरोनोलॅक्टोन हे तर जुनेच औषध. हृदयविकार आणि जलोदर असलेल्या कित्येकांच्या चिठ्ठीवर ते असते. आरएनए लिहिण्यासाठी लागणारे एक्सपीबी नावाचे प्रथिन ते पेशीतून काढून टाकते, आणि प्रयोगशाळेत त्यामुळे एचआयव्ही गप्प होतो. यांशिवाय पेशीतल्या वेगवेगळ्या प्रथिनांवर काम करणारी आणखी बरीच संयुगे आहेत. त्यांचा तपशील पुस्तकात सविस्तर आहे, इथे तो देत नाही.

हे सगळे कागदावरचे स्वप्न नाही, कारण निसर्गात ते घडलेले आहे. एचआयव्हीची लागण झालेल्या शंभरांत एखाद्यालाही न लाभणारे एक भाग्य काहींना मिळते : औषधाशिवाय त्यांचा विषाणू वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. बॉस्टनच्या रॅगन इन्स्टिट्यूटमधल्या शू यू आणि मथायस लिश्टरफेल्ड यांनी २०२० साली अशा ६४ जणांच्या पेशींत विषाणू गुणसूत्रावर नेमका कुठे बसला आहे ते पाहिले. एआरटीवरच्या माणसांत तो चालू जनुकांच्या आत सापडतो. या ६४ जणांत धडधाकट विषाणू मोठ्या प्रमाणात गुणसूत्रांच्या ओसाड भागांत सापडला, जिथे पेशी सहसा काही वाचत नाही. कॅलिफोर्नियाच्या लोरीन विलेनबर्ग यांच्या तर कोट्यवधी पेशी तपासूनही धडधाकट विषाणू मिळाला नाही. अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. विषाणू मुद्दाम ओसाड जागी गेला असे नाही. वर्दळीच्या जागी बसलेल्या विषाणूंच्या पेशी प्रतिकारशक्तीने एकेक करून मारल्या, आणि मुके तेवढे उरले. पुढे असेही दिसले की वीस वर्षे नेटाने एआरटी घेतलेल्या काहींच्या शरीरातही साठा हळूहळू याच दिशेने सरकतो. रोजच्या गोळीमुळे हे न दिसणारे कामही चालू असते.

त्याहून जुना दाखला आपल्या प्रत्येकाच्या अंगात आहे. माणसाच्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग लाखो ते कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या पेशींत शिरलेल्या अशाच विषाणूंचा आहे. पेशीने ते जवळजवळ सगळे आवळून मुके केले. त्यांतले एक प्रथिन तर आईच्या पोटात वार तयार होताना उपयोगी पडते.

आक्षेप आहेत, आणि ते गंभीर आहेत. लावलेले कुलूप किती वर्षे टिकेल? टायफॉइड, क्षय किंवा साधी लस यांनी प्रतिकारशक्ती खवळली तर ते निघेल का? लाख पेशींपैकी एकीचे राहिले तरी विषाणू परत येऊ शकतो. डीसीएला दाद न देणारे विषाणू प्रयोगशाळेत तयार झालेलेही आहेत. म्हणून एकाच औषधाने हे होईल असे कोणी जाणकार म्हणत नाही. टॅट अडवणारे एक, जागा बदलणारे दुसरे, गुंडाळी पक्की करणारे तिसरे असा जोड लागेल. एआरटीलाही तीन औषधे एकत्र आल्यावरच यश आले, हे विसरू नये. आणि कुलूप अर्धेच लागले तरी फायदा आहे. गोळ्या चालू असतानाही निजलेल्या पेशींतून थोडा आरएनए आणि थोडी प्रथिने झिरपत असतात, आणि शरीरात कायम धुमसणाऱ्या दाहाला, पुढे हृदयाच्या आजारांना, ते हातभार लावतात असे मानले जाते. ते झिरपणे थांबवणारे औषध एआरटीला जोडता आले, तर तेवढ्यानेही अनेकांची वर्षे वाढतील.

मराठी वाचकाने या विषयात लक्ष घालावे याला एक ठोस कारण आहे. देशात एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख लोक आहेत आणि राज्यवार पाहता सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांच्या शरीरातला विषाणू सी या उपप्रकारातला आहे. जगातल्या साधारण निम्म्या रुग्णांचाही तोच. संशोधनाचा मोठा भाग मात्र अमेरिका-युरोपातल्या बी उपप्रकारावर झाला. दोघांत फरक आहे, आणि तो नेमका या पुस्तकाच्या विषयाला भिडणारा आहे. विषाणूच्या डीएनएच्या सुरुवातीला एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन बसण्याच्या जागा असतात, ज्यांच्यामुळे विषाणू जागा होतो. बी प्रकारात त्या दोन, सी प्रकारात सहसा तीन. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या उदयकुमार रंगा यांच्या गटाने भारतात चार जागा असलेले विषाणू पसरत असल्याचे दाखवले. आपल्याकडच्या टॅटमध्येही ३१व्या स्थानावर बहुधा वेगळे अमिनो आम्ल असते. फ्लोरिडात चाललेले कुलूप इथल्या विषाणूला लागेलच असे गृहीत धरता येत नाही. ते इथल्या रुग्णांच्या पेशींवर तपासले पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे शहाणपण आपल्या दारात आहे. पुण्यात भोसरीला १९९२ पासून एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईच्या सिप्लाने २००१ साली वर्षाला ३५० डॉलरांत तिहेरी औषधे देऊ करून जगाचा हिशेब बदलला. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी मोफत मिळू लागली. औषधे स्वस्त करण्यात आपण पुढे होतो. औषधे शोधण्याच्या या टप्प्यावर मागे राहायचे कारण नाही.

पुस्तक वाचणाऱ्यांत काही जण स्वतः गोळ्या घेणारे असतील, काहींच्या घरात कोणी असेल. त्यांना मुद्दाम सांगायचे आहे. इथे ज्या औषधांची चर्चा आहे त्यांतले एकही एचआयव्ही गप्प करण्यासाठी आज दवाखान्यात दिले जात नाही. स्पायरोनोलॅक्टोन औषधाच्या दुकानात मिळते म्हणून ते स्वतःहून घेऊ नका. त्याने पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. आणि गोळ्या थांबवून पाहण्याचा विचार मनात आला, तर ‘स्मार्ट’ चाचणी आठवा. पाच हजारांहून अधिक लोकांच्या त्या चाचणीत सीडी४ चांगले आहेत म्हणून निम्म्यांची औषधे अधूनमधून थांबवली होती. थांबवलेल्यांत आजार आणि मृत्यू दोन्ही वाढले, म्हणून ती चाचणी वेळेआधी बंद करावी लागली. निकाल २००६ साली छापून आला आणि तेव्हापासून त्याबद्दल दुमत नाही. डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि टेनोफोविर ३०० अशी तीन औषधे असलेली जी एक गोळी रोज घेता, ती घेत राहा. ग्रीन बुक या आपल्या उपचाराच्या नोंदवहीत लिहिलेल्या पुढच्या तारखेला एआरटी सेंटरवर जा. वर्षाची व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूची) तपासणी चुकवू नका. आणि एखाद्या संशोधन संस्थेने रक्ताचा नमुना मागितला, तर संमतिपत्र पूर्ण वाचा, नाव गुप्त कसे राहणार ते विचारा, आणि समाधान झाले तर नमुना द्या. सी उपप्रकाराला चालणारे औषध त्या नमुन्यांशिवाय तयार होणार नाही.